खापरपणजोबांचा माग: दप्तरातून आणि रक्तातून

श्राद्धाच्या संकल्पात वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात, आणि बहुतेक घरांतील स्मरणही नेमके तेथेच संपते. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडी भागातील एखाद्या जुन्या मराठी घरात खापरपणजोबांचे नाव विचारले, तर उत्तर नावाने येत नाही, कथेने येते: ‘आम्ही पिलाजीरावांबरोबर आलो.’ पिलाजीराव गायकवाड १७३२ मध्ये मारले गेले आणि १७३४ पासून बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले. असे सांगणाऱ्या घरांची संख्या पाहता पिलाजीरावांची फौज इतिहासाला ठाऊक आहे त्यापेक्षा बरीच मोठी असली पाहिजे. वस्तुस्थिती अशी की दक्षिणेतून बडोद्यास येणारा ओघ त्यानंतरची दोनशे वर्षे चालूच होता. कोणी शिलेदार म्हणून आले, कोणी कारकून, कोणी पुजारी, तर कोणी सयाजीरावांच्या काळात शिक्षक किंवा ओव्हरसियर म्हणून आले. आपला पूर्वज यांपैकी नेमका कोणत्या लाटेतून आला, हे शोधण्याची साधने आज दोन आहेत. एक म्हणजे सरकारी व धार्मिक दप्तरांतील नोंदी आणि दुसरे म्हणजे डीएनए चाचणी.

ही दोन साधने एकाच प्रश्नाची उत्तरे देतात, असा समज सर्रास आढळतो आणि पुढचा बहुतेक घोटाळा त्यातूनच होतो. दप्तराला रक्त दिसत नाही. कोणाला कोणाचा मुलगा मानले गेले, कोणी वारसा घेतला, कोणाच्या नावावर पगार निघाला, एवढेच त्याला ठाऊक असते. डीएनएला नावे, गावे, तारखा यांपैकी काहीच कळत नाही. दोन माणसांच्या पेशींतील मजकूर कोठे आणि किती लांबीपर्यंत जुळतो, एवढेच तो सांगतो. त्यामुळे दोहोंत विसंगती दिसली की एक खोटे ठरते असे नाही. दोघेही आपापल्या प्रश्नाचे खरे उत्तर देत असू शकतात.

घरातून सुरुवात

शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यावा. एखाद्या प्रसिद्ध सरदारापासून सुरुवात करून पुढे आपल्यापर्यंत येण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्या वाटेने वंशावळ तयार होते ती केवळ इच्छेची. आधी घरातील शाळा सोडल्याचे दाखले, पेन्शनची कागदपत्रे, मृत्युपत्रे, घराची खरेदीखते, लग्नपत्रिका आणि फोटोंच्या मागील मजकूर एकत्र करावा. तांब्यापितळेची जुनी भांडी मात्र बहुतेक जण विसरतात. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नावे घालण्याची आपली पद्धत होती, आणि माळ्यावरच्या एखाद्या घंगाळावर देणाऱ्या मामाचे नाव, गाव आणि साल अशी तिन्ही माहिती सापडू शकते.

मराठी नावाची घडण या कामात फार उपयोगी पडते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहिण्याच्या रीतीमुळे प्रत्येक नोंदीत दोन पिढ्या आपोआप सापडतात, आणि एका नोंदीतील वडील दुसऱ्या नोंदीत मुलगा म्हणून दिसले की साखळीची कडी जुळते. पण हीच घडण फसवतेही, कारण नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती. समजा, एका घरात विनायक गणेश, गणेश विनायक, पुन्हा विनायक गणेश अशी नावे पाच पिढ्या आलटून पालटून येत राहिली. अशा वेळी १८९० च्या कागदातील विनायक गणेश आणि १९४० च्या कागदातील विनायक गणेश एकच धरले, तर मधल्या दोन पिढ्या गळून पडतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. नावाबरोबर वय, हुद्दा, पेठ आणि भावांची नावे यांपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय कडी पक्की मानू नये.

आडनावाचेही तसेच आहे. ‘कर’ लागलेले आडनाव गावाकडे बोट दाखवते, परंतु एकाच गावातून निघालेली दोन परकी घराणी एकच आडनाव लावू शकतात. उलट फडणीस, चिटणीस, मुजुमदार यांसारखी आडनावे हुद्द्यांवरून आलेली असल्याने एकाच घराण्याची एक शाखा हुद्द्याने आणि दुसरी मूळ आडनावाने ओळखली जाते.

स्त्रियांचा माग सर्वांत अवघड जातो. लग्नानंतर आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलत असल्यामुळे माहेरची व्यक्ती आणि सासरची व्यक्ती कागदावर दोन निरनिराळ्या बायका होतात. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्यांतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख दिली होती. ज्या प्रदेशांत हे विशेष घडले त्यांत इंदूर आणि ग्वाल्हेर ज्यात होते तो मध्य भारतही होता. त्यामुळे तिकडच्या मराठी घरांतील पणजीचे नाव मतदारयादीत न मिळाल्यास नवल वाटू नये.

बडोद्याची दप्तरे

या बाबतीत बडोदेकरांना एक अनपेक्षित सोय आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला, तोही मुलींसह. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचे पाळण्यातले नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. अन्यत्र जी पणजी केवळ कोणाची तरी पत्नी म्हणून शिल्लक राहिली असती, ती येथे स्वतःच्या नावाने सापडण्याची शक्यता असते. जुन्या शाळा बंद झाल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या असल्यास त्यांची रजिस्टरे कोणत्या शाळेकडे वर्ग झाली, याची चौकशी नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे करावी लागते, आणि त्यासाठी चिकाटी लागते.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. याचा अर्थ एकाच घरातील तीन पिढ्यांचे कागद तीन राजवटींचे असू शकतात, आणि अर्ज करताना ‘माझे आजोबा सरकारी नोकरीत होते’ एवढे सांगून भागत नाही. कोणत्या सरकारच्या, हे सांगावे लागते. संस्थानकाळातील कारभाराचे कागद बडोद्याच्या कोठी परिसरातील राज्य दप्तरखान्यात आहेत. संस्थानच्या ‘आज्ञापत्रिका’ या राजपत्रात सरकारी हुकूम छापले जात, त्यामुळे नोकरदार पूर्वजाचा शोध तेथूनही घेता येतो. घराच्या मालकीसाठी सिटी सर्व्हेची मालमत्ता पत्रके, शेतजमिनीसाठी सात-बार आणि हक्कपत्रकातील फेरफार नोंदी पाहाव्यात. मालक वारला की वारसांची नावे चढवावी लागतात, म्हणून प्रत्येक वारस-फेरफार म्हणजे एक छोटी वंशावळच असते. गुजरातेत तलाठी पंचांसमक्ष जे ‘पेढीनामे’ करून देतो, त्यात तर आखलेला वंशवृक्षच मिळतो. मात्र त्याची भिस्त अर्जदाराने आणि पंचांनी सांगितलेल्या माहितीवर असते, हे ध्यानात ठेवावे.

हे कागद वाचताना दोन अडचणी येतात. पहिली भाषेची. जुना मजकूर मोडीत, नंतरचा गुजरातीत, आणि गुजराती कारकुनाने मराठी आडनाव कानाला पडले तसे लिहिलेले. जातीच्या रकान्यात ‘दक्षिणी’ असा शब्द दिसला तर तो आपल्याच लोकांना उद्देशून आहे. दुसरी अडचण कालगणनेची. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात. गुजराती विक्रम संवत कार्तिकात बदलतो, म्हणून त्यातून वर्षाच्या आरंभीचे दीड-दोन महिने ५७ आणि नंतर ५६ वजा करावे लागतात. उत्तरेतील संवत चैत्रात बदलतो आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील कागदांत तो आढळू शकतो. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७० येते, आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पुढच्या जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात. या हिशेबात एका वर्षाची चूक झाली तर बाप मुलाच्या जन्माआधीच वारल्याचे दिसते आणि संशोधक विनाकारण दत्तकाची कल्पना लढवू लागतो.

जनगणनेकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनंतर आणि अमेरिकेत ७२ वर्षांनंतर घरोघरच्या नोंदी खुल्या होतात. १९२१ ची ब्रिटिश आणि १९५० ची अमेरिकी जनगणना अशा रीतीने २०२२ मध्ये लोकांना पाहता आली. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी गोपनीय असतात आणि पुरावा म्हणूनही त्या चालत नाहीत. जन्म-मृत्यूची नोंद देशभर एकसारख्या कायद्याने सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्यामुळे, म्हणून त्यापूर्वीचा दाखला मिळाला तर तो नशिबाचा भाग समजावा.

बडोद्यापूर्वीच्या पिढ्यांसाठी मूळ गावाकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील जुने सातबारा, फेरफार आणि अन्य महसुली कागद अनेक जिल्ह्यांत स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची जी खबर देई, तिच्या नोंदीला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यावर ही पुस्तके, शाळांची रजिस्टरे आणि मोडी कागद तहसील कचेऱ्यांच्या कपाटांतून बाहेर आले, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. हेतू आरक्षणाचा होता, पण वंशावळ शोधणाऱ्या कोणालाही त्याचा लाभ होतो.

त्याहून मागे जायचे तर क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथे यात्रेला गेलेला माणूस आपल्या उपाध्यायाच्या वहीत स्वतःच्या हाताने किंवा कारकुनाकडून बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून देई. यालाच ‘लेख’ म्हणतात. वह्या गाव आणि आडनाव यांनुसार लावलेल्या असतात, म्हणून मूळ गाव ठाऊक नसेल तर उपाध्यायाचाही नाइलाज होतो. एक तपासणी येथे अवश्य करावी: एकाच घराण्याचे नाशिक आणि काशी येथील लेख स्वतंत्रपणे लिहिलेले असल्याने, दोन्हींत तीच नावे आली तर ती भक्कम समजावीत.

पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत, परंतु त्यांत सामान्य माणूस सापडतो तो बहुधा तंट्यामुळे. वतनाचा वाद निघाला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत, आणि त्यात सात-आठ पिढ्यांचा इतिहास येई. ज्यांचे पूर्वज गुण्यागोविंदाने नांदले, त्यांचे वंशज या बाबतीत दुर्दैवी म्हणावे लागतात. अर्थात करीना हे एका पक्षाचे म्हणणे असते, त्यामुळे त्याबरोबरचे निवाडपत्र किंवा महजर, म्हणजे तंट्याच्या निकालाचा कागद, मिळेपर्यंत ते अर्धेच सत्य समजावे.

डीएनए काय वाचतो

प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीतील एक आईकडून तर एक वडिलांकडून येते. त्यांवर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो. घरी मागवलेल्या संचातून थुंकी किंवा गालाच्या आतील पुसणी पाठवली, की कंपनी हा सर्व मजकूर न वाचता माणसामाणसांत फरक आढळणारी काही लाख ठिकाणे तेवढी तपासते. चाचण्या तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीची वाट निराळी आहे.

वाय गुणसूत्र केवळ पुरुषांत असते आणि ते बापाकडून मुलाला जवळपास जसेच्या तसे जाते. आडनावाची वाट तीच त्याची वाट. गोत्राचीही वाट तीच, असे वाटते खरे, पण एका गोत्राची सर्व माणसे एका ऋषीची संतती असतील तर त्यांचे वाय गुणसूत्र एका शाखेचे असावे, आणि प्रत्यक्षात तसे आढळत नाही. पुरोहिताचे गोत्र यजमानाने स्वीकारण्याची प्रथा आपल्या शास्त्रांनाच मान्य होती, त्यामुळे यात धक्का बसण्यासारखे काही नाही.

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक. त्यांचा स्वतंत्र डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, परंतु पुढे जातो तो केवळ मुलींमार्फत. बडोदे संस्थानातच असलेल्या सिद्धपूरला मातृगया म्हणतात आणि तेथे आईचे श्राद्ध केले जाते, हे आपल्याला माहीत असते. आई, आईची आई, तिची आई अशी जी ओळ कागदावर प्रत्येक पिढीत आडनाव बदलत हरवते, तीच ही चाचणी अखंड दाखवते. तिची मर्यादा अशी की हा मजकूर अवघा १६,५६९ अक्षरांचा असून फार सावकाश बदलतो. दोघांचा तो पूर्णपणे जुळला तरी समान आई शंभर वर्षांपूर्वीची असेल किंवा हजार वर्षांपूर्वीची, हे त्यावरून ठरत नाही.

या दोन्ही वाटा अरुंद आहेत. खापरपणजोबांच्या पिढीत आपले सोळा पूर्वज असतात. त्यांपैकी वाय एकाचा आणि मायटोकाँड्रिया एकीचा पत्ता देतो. उरलेल्या चौदांसाठी तिसरी, म्हणजे बाकीच्या २२ जोड्यांची चाचणी लागते. आईवडिलांपैकी प्रत्येकाकडून निम्मा मजकूर येत असल्याने आजोबांचा वाटा सरासरी पाव आणि पणजोबांचा अष्टमांश होतो. सख्ख्या चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के मजकूर समान असतो, पणजोबा समान असलेल्या भावंडांत सुमारे तीन टक्के, आणि खापरपणजोबा समान असलेल्यांत जेमतेम पाऊण टक्का. प्रत्येक पिढीत वाटणी नव्याने होत असल्यामुळे हे आकडे सरासरीचेच आहेत. खापरपणजोबा एकच असलेल्या दहा जोड्यांपैकी साधारण एका जोडीत ओळखता येईल असा एकही समान तुकडा उरत नाही. म्हणून अशा भावंडाशी डीएनए जुळला नाही, एवढ्यावरून नाते नाही असे म्हणता येत नाही. पिलाजीरावांचा काळ नऊ-दहा पिढ्या मागे आहे आणि तेथे आपले पाचशे ते हजार पूर्वज उभे असतात. त्यांतील अनेकांचा एक तुकडाही आपल्यात नसतो. ‘पिलाजीरावांबरोबर आलो’ या कथेची परीक्षा या तिसऱ्या चाचणीने होऊच शकत नाही.

समान तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गन या एककात देतात. सख्ख्या चुलत भावंडांत ती सरासरी ८७० च्या आसपास, पणजोबा समान असलेल्यांत २३० आणि खापरपणजोबा समान असलेल्यांत ७५ च्या आसपास असते. परंतु ही कोष्टके प्रामुख्याने पाश्चात्त्य कुटुंबांवरून तयार झालेली आहेत, आणि आपल्याकडे ती जशीच्या तशी लावणे ही या विषयातील सर्वांत मोठी चूक ठरते. शेकडो वर्षे जातीच्या आत लग्ने होत राहिल्यामुळे एकाच पोटजातीतील दोन माणसे एका नात्याने नव्हे, तर दहा दूरच्या नात्यांनी जोडलेली असतात, आणि त्या सर्वांचे बारीक तुकडे बेरजेत येतात. शिवाय अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल होती. अशा घरात तीच माणसे वंशवृक्षात दोन ठिकाणी येतात, आणि अहवालात ‘दुसऱ्या पायरीचे भावंड’ (म्हणजे पणजोबा समान असलेले) म्हणून दाखवलेला माणूस प्रत्यक्षात चौथ्या पायरीचा निघतो. उपाय असा की बेरजेकडे कमी आणि सर्वांत लांब सलग तुकड्याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण जुन्या नात्यांचे तुकडे तुटून लहान झालेले असतात.

‘तुम्ही इतके टक्के दक्षिण आशियाई’ असे रंगीत नकाशे पूर्वजशोधाच्या कामाचे नाहीत. आपण दक्षिण आशियाई आहोत हे कळण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नसते, आणि त्याहून बारीक विभागणी कंपनीकडे कोणत्या प्रदेशाचे किती नमुने आहेत यावर ठरते.

दोन्ही एकत्र आणल्यावर

कागद आणि डीएनए यांची सांगड कशी घालावी, याचे एक उदाहरण गोव्यात आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझ येथे मारली गेली आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला. जुन्या गोव्यातील त्यांच्या मठात अस्थींची पेटी कोणत्या खिडकीशी ठेवली, याचे वर्णन पोर्तुगीज कागदांत होते. त्या आधारे मठाच्या अवशेषांत उत्खनन झाले आणि हाडे मिळाली, पण हाडांवर नाव नव्हते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने मायटोकाँड्रियाची तपासणी केली, तेव्हा एका हाडात भारतीयांत न आढळलेली आणि जॉर्जियात आढळणारी यू१बी ही शाखा मिळाली. कागदाने जागा दाखवली आणि डीएनएने माणसाचा मुलूख सांगितला. २०२१ मध्ये ते अवशेष भारताने जॉर्जियाला दिले.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचे. लेस्टर येथे वाहनतळाखाली २०१२ मध्ये सापडलेला सांगाडा त्याचाच, हे त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातील आजच्या वंशजांशी मायटोकाँड्रिया जुळल्याने पक्के झाले. परंतु कागदोपत्री ज्यांचा पुरुषवंश त्याच्याशी जोडलेला होता, त्यांचे वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळले नाही. मधल्या कित्येक पिढ्यांत कोठेतरी बाप म्हणून लिहिलेला माणूस जन्मदाता नव्हता. कोणत्या पिढीत, हे डीएनए सांगू शकला नाही.

आपल्याकडे अशी विसंगती आली की लोकांच्या मनात लगेच वाईट शंका येते, आणि ती बहुधा अस्थानी असते, कारण आपल्या घराण्यांत दत्तकाची चाल सर्रास होती. बडोद्याची गादीच याचे उदाहरण आहे. कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे पुत्र गोपाळराव १८७५ मध्ये जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले आणि सयाजीराव झाले. ते गायकवाड घराण्याच्याच दूरच्या शाखेतील होते. अशा प्रकारे भाऊबंदांतून दत्तक घेतला असेल, तर पुरुषवंश वर जाऊन एकाच पूर्वजाला मिळतो, म्हणून वाय चाचणीत काहीच खंड दिसत नाही. उलट बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल, तर वाय गुणसूत्र वेगळे पडते, पण बाकीच्या २२ जोड्यांत रक्ताचे नाते कायम दिसते. आणि दत्तक अगदी परक्या घरातून आला असेल, तर दोन्ही तुटतात. अशा रीतीने तीन चाचण्या एकत्र पाहिल्या की दत्तक झाला होता का, एवढेच नव्हे तर तो कोठून आला असावा, याचाही अंदाज बांधता येतो, आणि मग दत्तकपत्र कोणत्या कचेरीत शोधायचे हे ठरते.

समजा, बडोदे आणि इंदूर येथे एकाच आडनावाची दोन घरे आहेत आणि आपण एकाच कुळातले आहोत असे दोघांनाही वाटते. प्रत्येक घरातील एका पुरुषाची वाय चाचणी केली आणि ती बारकाईने जुळली, तर शोध योग्य दिशेने आहे असे समजावे आणि दोघांच्या वर असलेला समान पुरुष क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत शोधावा. जुळली नाही तर एका घरातील दत्तक किंवा केवळ गावामुळे आलेले समान आडनाव, अशा दोन शक्यता उरतात. दोन्ही घरांतील आणखी एका दूरच्या शाखेतील पुरुषाची चाचणी केल्यास त्यांतली कोणती खरी, हे बहुधा उलगडते. चाचणीला प्रथम बसवावे ते घरातील सर्वांत वृद्ध माणसाला. नव्वदीच्या आत्याआजी पूर्वजाच्या दोन पिढ्या जवळ असतात, आणि नातवाच्या चाचणीत जे तुकडे कधीच दिसणार नाहीत ते त्यांच्यात टिकून असतात.

परंतु आत्याआजींना चाचणीस बसवण्यापूर्वी निकाल काय येऊ शकतो, हे त्यांना नीट समजावून सांगितले पाहिजे. एकाचा डीएनए म्हणजे सर्व भावंडांचा आणि मुलाबाळांचा अर्धामुर्धा डीएनए असतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या अमेरिकी कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली, तेव्हा इतक्या लोकांच्या वंशाची माहिती कोणाच्या हाती जाणार हा प्रश्न उघड्यावर आला. भारतात डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराबाबतचे विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. शिवाय या कंपन्यांच्या साठ्यांत भारतीय थोडेच असल्याने जे जुळतात ते बहुधा अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्यांच्या घरचे असतात.

न्यायालयात घरगुती चाचणीला फारसे वजन नसते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ नुसार वैध विवाहात जन्मलेले मूल हे त्या पतीचेच, असे निर्णायकपणे मानले जाते, आणि पतिपत्नींचा संबंध येऊच शकत नव्हता हे दाखवल्याखेरीज ते गृहीतक हलत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम ११२ हेच सांगत होते. म्हणजे कायदाही येथे दप्तराच्या बाजूने उभा आहे, आणि वडिलोपार्जित घराच्या वाटणीत थुंकीच्या नळीवर भिस्त ठेवणाऱ्याची निराशा होते.

वंशावळ कागदावर उतरवताना प्रत्येक कडीशेजारी तिचा आधार लिहावा: फेरफार क्रमांक, वहीचा लेख, शाळेचे रजिस्टर किंवा नुसते ‘आजीने सांगितले’. दप्तराने सिद्ध झालेल्या नात्याला सलग रेघ, डीएनएने सुचवलेल्या नात्याला तुटक रेघ आणि ऐकीव नात्यापुढे प्रश्नचिन्ह असा संकेत ठेवला, तर पुढे तपासणाऱ्याला कोठून सुरुवात करायची ते कळते. दत्तक पुत्राच्या नावापाशी दोन रेघा काढाव्यात, एक जन्मदात्याकडे आणि एक ज्याच्या मांडीवर तो बसला त्याच्याकडे. श्राद्धाच्या संकल्पात नाव घ्यायचे ते मात्र दुसऱ्याचे.